पटावरची दादर आणि 641

उन्हाळ्याच्या सुट्टीत चाळीसगावला आलेल्या भाच्याने ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला आणि पहिल्या घरात दादर ज्वारीचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असा खेळ सुरू केला. सातव्या घरानंतर दाणे मावेनात म्हणून वाट्या आल्या. अकराव्या घराचे 1024 दाणे मोजून होतात तोच आतून आईचा आवाज आला, ‘खावानी दादर शे ती, खेळानी नही!’ मोजणी 2047 वर थांबली. चौसष्ट घरांची बेरीज मी त्याला वहीत लिहून दिली : 18446744073709551615. वीस अंकी संख्या पाहून त्याने विचारले, ‘मामा, ही कशाकशाने भागते?’

शेवटी 5 आहे म्हणून 5 ने भाग जातो. अंकांची बेरीज 87 येते म्हणून 3 ने जातो, पण 9 ने जात नाही. यापुढे मात्र आंधळे भागाकार करत बसण्यापेक्षा ही संख्या तयार कशी झाली हे पाहणे अधिक फायद्याचे आहे, आणि त्यासाठी आम्हांला फार लांब जावे लागत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आमच्या तालुक्यातल्या पाटण्याचाच. 1150 सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील ‘लीलावती’त पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट असे महिनाभर दान देणाऱ्याचे उदाहरण आहे, ज्याचे उत्तर 2147483646 कवड्या येते. रीत अशी की पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहायचे, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहायचे, आणि शेवटी उलट्या क्रमाने ते गुणाकार व वर्ग करत यायचे. 64 सहा वेळा निम्मे होऊन 1 वर येते, म्हणून 2 चा सहा वेळा वर्ग करणे पुरते : 4, 16, 256, 65536, 4294967296 आणि शेवटी जी येते, तिच्यापेक्षा आपली संख्या एकाने लहान.

वर्गातून 1 वजा केला की दोन कंस पडतात, हे शाळेतले सूत्र येथे पायरीपायरीने लावत खाली आले की अवयव आपोआप सुटतात : 3 × 5 × 17 × 257 × 65537 × 4294967297. प्रत्येक वर्गाच्या पायरीवरची संख्या, अधिक एक. पहिले पाच मूळ संख्या आहेत, आणि या मालिकेतल्या सर्वच संख्या मूळ असाव्यात असे फ्रेंच गणिती फर्माला वाटत होते. सहावीने त्याला खोटे पाडले. 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिला 641 ने भाग जातो हे दाखवले.

641 सुचावे कसे? या संख्येचा कोणताही मूळ अवयव 64 च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असावा लागतो. म्हणजे 193, 257, 449, 577 झाले की पाचवी पाळी 641 चीच. ऑयलरची खरी कर्तबगारी मला भागाकारात नव्हे, या चाळणीत दिसते. भागाकार केला की 6700417 उरतात. त्याचे वर्गमूळ 2588 च्या थोडे पुढे आहे. तोवर चाळणीतून 641, 769, 1153, 1217, 1409, 1601 आणि 2113 एवढेच सुटतात. हे सात भागाकार आम्ही ओट्यावर बसून केले. एकही निःशेष गेला नाही, म्हणजे 6700417 मूळच. चौसष्ट घरांच्या दाण्यांचे मूळ अवयव असे सात झाले, प्रत्येक एकदाच, म्हणून एकूण विभाजक 128.

खरे तर 64 हा आकडाच भाग्याचा. भाच्याची मोजणी थांबली त्या 11 चे निम्मे होत नाहीत, म्हणून तेथे ही युक्ती चालत नाही आणि 2047 चे अवयव वेगळे शोधावे लागतात. ते 23 आणि 89 आहेत असे सांगितल्यावर त्याने संध्याकाळी खरोखरच 89-89 दाण्यांचे 23 ढीग लावले. शेवटच्या ढिगात 88 निघाले. चिमणीने नेला असेल असे मी म्हणालो, पण तो टॉर्च घेऊन ओट्याखाली शोधायला गेला.