दावा-कार्डं: प्रेडिमेडचा ताळा एकदाचा बसला

पुस्तकातला प्रत्येक दावा एका कार्डावर लिहून पेटीत ठेवायचा: पडताळा बाकी असेल तर लाल, झाला की हिरवा. ‘भूमध्य आहाराने हृदयविकार आणि पक्षाघात ३० टक्क्यांनी घटतात’ हे लाल कार्ड मागच्या नोंदीपासून पेटीच्या तोंडाशीच पडून होतं. आता ते हिरव्या कप्प्यात गेलं आहे, पाठीमागची बाजू गच्च भरून. निरोगी वार्धक्यावरची पुस्तकं वाचणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत हे कार्ड असणारच, म्हणून जरा सविस्तर.

हा दावा येतो प्रेडिमेड या स्पेनमधल्या मोठ्या आहार-चाचणीतून. तिथे तीन गट होते: भूमध्य आहार आणि ऑलिव्ह तेल, तोच आहार आणि सुकामेवा, आणि तुलनेसाठीचा नियंत्रण गट. अडचण अशी होती. पुस्तकाच्या मजकुरात ‘३० टक्के’ असतं. लेखक कष्टाळू असला तर शेवटच्या टीपांत तीन आकडे सापडतात: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, यांतलं काहीतरी ऑलिव्ह तेलाच्या गटात ३.८ टक्के लोकांना झालं, सुकामेव्याच्या गटात ३.४ टक्क्यांना, नियंत्रण गटात ४.४ टक्क्यांना. आता भागाकार करा. ३.८ भागिले ४.४ म्हणजे ०.८६, घट १४ टक्के. सुकामेव्याची २३. तीस कुठेच येत नाही, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. पहिला संशय साहजिकच लेखकावर जातो. दुसरा सांख्यिकीतल्या समायोजनावर, म्हणजे वय, लिंग, धूम्रपान वगैरे हिशेबात धरून आकडा सरकवला असेल. दोन्ही संशय फुकट.

मेख व्यक्ती-वर्षांत होती (एका माणसाचा एक वर्ष पाठपुरावा झाला की एक व्यक्ती-वर्ष). मूळ निबंधातला निष्कर्षांचा तक्ता उघडा. ऑलिव्ह तेल: २,५४३ माणसं, ९६ घटना, ११,८५२ व्यक्ती-वर्षं. सुकामेवा: २,४५४ माणसं, ८३ घटना, १०,३६५ व्यक्ती-वर्षं. नियंत्रण: २,४५० माणसं, १०९ घटना, ९,७६३ व्यक्ती-वर्षं. माणसांची संख्या जवळपास सारखी, पण शेवटचा आकडा बघा. माणशी सरासरी पाठपुरावा तेलाच्या गटात ४.७ वर्षं, सुकामेव्यात ४.२, नियंत्रणात जेमतेम ४. नियंत्रण गटातून गळती जास्त झाली होती. साधारण ११ टक्के लोकांशी दोन किंवा अधिक वर्षं संपर्क तुटलेला, बाकी दोन गटांत मिळून सुमारे ५ टक्के. जो लवकर गळतो, त्याला नंतर झटका आला तरी तो मोजलाच जात नाही. त्यामुळे नियंत्रण गटाची टक्केवारी आपोआप खाली दबते.

म्हणून माणसांनी न भागता वर्षांनी भागायचं. दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ८.१, ८.० आणि ११.२. आता ८.१ भागिले ११.२ करा: ०.७२. सुकामेव्याचं ०.७१. बसला ताळा! समायोजन न करताच तीसच्या आसपास पोचतो. (ही कागदावरची बेरीज-वजाबाकी कुठल्याही ‘सारांश’ ॲपमधून हाती लागत नाही. ती ॲपं नेमका हाच तक्ता गाळतात.)

पाठीमागच्या बाजूला दुसरी ओळ लगेच लिहायची: निव्वळ फरक. ११.२ वजा ८.१ म्हणजे हजार माणसांत वर्षाला साधारण तीन घटना कमी. उलटं मांडलं तर एक घटना टाळण्यासाठी सुमारे ३२० माणसांनी वर्षभर हा आहार घ्यायचा. तेही कोणत्या माणसांनी? ५५ ते ८० वयाचे पुरुष, ६० ते ८० वयाच्या स्त्रिया, हृदयविकार नसलेले पण मधुमेह किंवा तीन तरी जोखमीचे घटक असलेले. चाळिशीतल्या धडधाकट वाचकाचा मुळातला धोका कमी, म्हणून त्याच्या वाट्याचा निव्वळ फरकही त्याहून लहान. पुस्तकं हे वाक्य गाळतात, कारण ‘हजारात तीन’ मुखपृष्ठावर शोभत नाही.

आता आवृत्तीचा घोळ. हे निष्कर्ष देणारा प्रेडिमेडचा पहिला निबंध २०१३चा. २०१७मध्ये जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने पाच हजारांवर चाचण्यांचे सुरुवातीचे आकडे सांख्यिकीने तपासले, त्यात ही चाचणी खटकली. शोध घेतल्यावर निघालं ते असं: काही घरांत एका माणसाचं वाटप चिठ्ठीने झालं आणि घरातल्या दुसऱ्याला तोच गट देऊन टाकला; एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला एकच गट. जून २०१८मध्ये जुना निबंध मागे घेतला गेला आणि त्याच नियतकालिकात सुधारित निबंध छापला गेला. संशयास्पद वाटपाचे १,५८८ लोक वगळूनही निष्कर्षाची दिशा तीच राहिली. भाषा मात्र नरमली. आधी ‘आहाराने घटना कमी केल्या’ असं होतं, नंतर ‘ज्यांना हा आहार नेमून दिला त्यांच्यात घटना कमी आढळल्या’ असं.

यातून नव्या पुस्तकासाठी मिनिटभराची चाचणी मिळते. शेवटच्या टीपांत प्रेडिमेड शोधा. पुस्तक २०१९ किंवा नंतरचं असून संदर्भ २०१३चाच असेल, तर लेखकाने टीपा दुसऱ्या कुणाच्या तरी टीपांवरून उचलल्या आहेत असं धरून चाला, आणि बाकीची कार्डंही लाल शाईतच सुरू करा. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मागे घेतलेल्या निबंधावर ते स्वतःहून लाल पट्टी दाखवतं. या एका सोयीसाठी ते ठेवावं. ऑडिओ पुस्तकांचा मात्र या कामाला उपयोग शून्य. टीपाच नसतात.

इथपर्यंत लिहिताना एक गोष्ट ठळक झाली, आणि त्यामुळे पेटीची मांडणीच बदलायची आहे. ठरलं होतं विषयवार कप्पे करायचे: आहार, झोप, व्यायाम, पूरकं. ते रद्द. आता चाचणीवार. एक चाचणी, एक मोठं कार्ड, आणि त्याला जोडलेली पुस्तकांची छोटी कार्डं. पाच पुस्तकं पाच पुरावे देत नसतात, एकाच चाचणीकडे पाच बोटं दाखवतात, हे अशाने चटकन दिसतं. आणि मोठ्या कार्डावर सगळ्यात वर रकाना: ‘नियंत्रण गटाला काय दिलं?’ प्रेडिमेडमध्ये त्यांना ‘चरबी कमी खा’ असा सल्ला होता, पण त्यांच्या आहारातली चरबी प्रत्यक्षात किंचितच उतरली. शिवाय सुरुवातीची तीन वर्षं त्यांना वर्षाला एक पत्रक मिळे; बाकीच्यांना प्रत्यक्ष सल्ला, वर फुकट तेल, घरटी आठवड्याला लिटरभर, नाहीतर रोजचा ३० ग्रॅम सुकामेवा. ऑक्टोबर २००६पासून नियंत्रण गटालाही तेवढ्याच वेळा सल्ला सुरू झाला. तेव्हा ‘कमी चरबीच्या आहाराला हरवलं’ असं छापलेलं दिसलं की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

उंदरांच्या कप्प्यात छोटासा विजय. रेझवेराट्रॉलचं (द्राक्षांत सापडणारा, गोळ्यांतून विकला जाणारा पदार्थ) २००६चं कार्ड: भरपूर चरबीचं खाद्य दिलेले उंदीर, रोज किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम. पुस्तकं सरळ ६० किलोने गुणून १,३२० मिलिग्रॅम सांगतात. उंदराचा डोस माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरून आधी १२.३ने भागायचं. म्हणजे किलोमागे १.८, एकूण जेमतेम १०७ मिलिग्रॅम. बारापट फरक! आणि नेहमीचं खाद्य खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य नंतरच्या चाचण्यांत या गोळीने वाढलं नाही, ते त्याच कार्डावर खाली.

अडलेलं पुढचं कार्ड मुठीच्या ताकदीचं. २०१५चा ‘प्युअर’ अभ्यास, १७ देश, १,३९,६९१ माणसं. पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. पुस्तकं यावरून ‘मूठ दाबण्याचे व्यायाम करा’ असं सांगतात. पण हा निरीक्षणाचा अभ्यास, इथे नियंत्रण गट नाहीच. नवा वरचा रकाना कोरा राहतो. पकड वाढवून मृत्यू घटतो का, हे तपासायला वेगळ्या प्रकारची चाचणी लागते. सध्या या जातीच्या कार्डांना पिवळा कोपरा लावतो आहोत आणि प्रेडिमेडच्या कप्प्यापासून लांब ठेवतो आहोत. रोजच्या पावलांचं कार्डही तिथंच जाणार: वृद्ध स्त्रियांच्या २०१९च्या अभ्यासात फायदा ७,५०० पावलांच्या आसपास सपाट झाला, आणि दहा हजारांचा आकडा तर १९६५च्या एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या नावातून आलेला. कुणी आपल्या पेटीत पिवळ्यासाठी वेगळा रकाना केला असेल तर मथळा काय दिलात ते कळवा. ‘सहसंबंध’ लिहून बघितलं, पण कार्डाच्या कोपऱ्यात मावत नाही.