फोन किती वर्षं वापरायचा? शेवटच्या हातापासून मोजा

फोन किती वर्षं वापरतोस असं ऑफिसात कुणालाही विचारा, दोन वर्षं, तीन वर्षं, फार तर चार असं उत्तर येतं, आणि चार म्हणणारा जरा अभिमानानेच म्हणतो. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. दोन-तीन वर्षांनी माणूस फोन बदलतो, फोन काही तिथे संपत नाही. निदान आमच्या घरात तरी नाही. माझा फोन आईकडे जातो, आईचा आत्याकडे जातो, भावाचा आप्पांकडे जातो, आणि आप्पांनी सोडलेला फोन शेतातल्या खोलीत भजनं लावायला राहतो. माझ्या हातात तीन वर्षं असलेला फोन घरात सहज सात-आठ वर्षं जगतो. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच असणार.

ही पद्धत चांगलीच आहे. फोन बनवतानाच त्याचं बरंचसं प्रदूषण होऊन गेलेलं असतं, ॲपलच्या स्वतःच्या अहवालांत बऱ्याच मॉडेल्सना हा बनवण्याचा वाटा सुमारे ८० टक्के दाखवलाय, आपण नंतर रोज चार्ज करतो त्याचा हिस्सा त्यामानाने किरकोळ. त्यामुळे एकदा बनलेला फोन जितकी वर्षं चालेल तितकं बरं, याबद्दल मला काही शंका नाही. माझं म्हणणं वेगळंय. घरातला सगळ्यात जुना फोन, ज्याला कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलंय, तो नेमका अशा माणसाच्या हातात जातो ज्याला फसवणं सगळ्यात सोपं असतं, आणि ज्याच्या खात्यात पेन्शन नाहीतर पीएम किसानचे पैसे येतात. फोन किती वर्षं वापरायचा हा हिशेब आपण पहिल्या हातापासून करतो, तो शेवटच्या हातापासून करायला पाहिजे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आठवतोय ना, टॉर्चवाला. जगभरात २५ कोटींच्या वर खपला तो. आमच्या गावात एकेक ११०० तीन-तीन घरं फिरलाय, बटणांवरचे आकडे पुसले गेले तरी चालायचा, बॅटरी बसली की मागचं झाकण काढून पानपट्टीशेजारच्या दुकानातून नवी घालायची, संपला विषय. आणि तो कितीही जुना झाला तरी वापरणाऱ्याला धोका नव्हता, कारण त्यात चोरण्यासारखं काय होतं, शंभर नंबर आणि सापाचा गेम. आता आप्पांच्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे, यूपीआय आहे, आधारची पीडीएफ आहे, आणि ओटीपी त्याच फोनवर येतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत व्हॉट्सॲपवर ज्या एपीके फाइली फिरतायत त्या सगळ्यांनी बघितल्या असतील. लग्नपत्रिका म्हणून येते, आरटीओचं चलन म्हणून येते, पीएम किसानची यादी म्हणून येते. दाबली की ॲप इन्स्टॉल होतं, परवानग्या मागतं, आपण होय होय करत जातो, आणि मग एसएमएस तिकडं दुसरंच कुणीतरी वाचतं. नवीन फोनवर असं होतच नाही असं नाही, परवानगी दिली तर कुठल्याही फोनवर होतं. पण अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशन वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची) परवानगी सरळसरळ देता येत नाही, आधी अडवलं जातं. आत्याच्या फोनवर अँड्रॉइड ९ आहे, तिथे हे अडवणारं कुणी नाही. शिवाय सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारी अपडेट, बंद झालेला फोन म्हणजे रोज नवीन सापडणारी भोकं त्यात कायमची उघडी. तिला हे समजावून सांगायला गेले तर ती म्हणते, अगं चालतोय की चांगला, आवाजपण मोठाय. आणि तिचं काही चुकत नाही, फोन खरंच चांगला चालतोय.

तर आता अपडेटबद्दल, कारण सगळं गाडं इथेच अडतं. कुठल्याही अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये, नाहीतर सिक्युरिटीच्या पानावर, 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' असं लिहिलेलं असतं आणि समोर एक तारीख असते, फोनवरचं शेवटचं सुरक्षा अपडेट कधीचं ते सांगणारी. रॅम, मेगापिक्सेल, चिपसेट यापेक्षा ती एक तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला ७ वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ ला तेच केलं, पण हे महागडे फोन झाले. मला जास्त आनंद झाला तो त्याच वर्षी सॅमसंगचाच गॅलेक्सी ए१६ आला तेव्हा, कारण २० हजारांच्या आतल्या फोनला ६ वर्षांचं आश्वासन मिळालं. त्याच किमतीच्या आसपासच्या कितीतरी फोनना आजही दोन-तीन वर्षांवर भागवतात आणि कॅमेऱ्याची जाहिरात मात्र अख्ख्या पानभर करतात.

ही वर्षं मोजतात ती सहसा फोन बाजारात पहिल्यांदा आला त्या तारखेपासून, तुम्ही विकत घेतला त्या तारखेपासून नाही. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये जो फोन सात हजारांनी उतरलेला दिसतो तो बऱ्याचदा दीड-दोन वर्षं जुनं मॉडेल असतो. समजा त्याला चार वर्षांची अपडेट होती, दोन बाजारातच गेली, दोन तुम्ही वापरला, आणि आईच्या हातात गेला त्या दिवशी तो उघडा पडला. ही गोष्ट मला अजून एकाही दुकानदाराने स्वतःहून सांगितलेली नाही, आणि ऑनलाइन साइटवर स्पेसिफिकेशनच्या लांबलचक यादीत शोधली तरी क्वचित सापडते. याचा मला खरंच राग येतो. बिस्किटाच्या पुड्यावर कधीपर्यंत खायचं ते छापायला लागतं, २० हजारांच्या फोनच्या खोक्यावर का नाही?

युरोपात हे उलटं मोजायला लागलेत. २० जून २०२५ पासून तिकडे नवीन नियम लागू झालाय, त्यात अपडेटची किमान ५ वर्षं धरायची ती त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून. म्हणजे सेलमध्ये जुनं मॉडेल घेणाऱ्यालाही पूर्ण वर्षं मिळतात. त्याच नियमात सुटे भाग ७ वर्षं मिळाले पाहिजेत असं आहे, बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के ताकदीची राहिली पाहिजे असं आहे, आणि फोन दुरुस्त करायला किती सोपा हे लेबलवर ए, बी, सी अशा अक्षरात लिहावं लागतं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, २०२४ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याच्या गुणांकनासाठी, समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. दिशा बरोबर आहे. पण मला वाटतं आपल्याला अपडेटच्या तारखेचा नियम युरोपपेक्षाही जास्त गरजेचा आहे, कारण घरातल्या घरात फोन तीन हातांतून फिरवायची सवय आपल्याकडे जास्त.

आता बॅटरी. 'फोन म्हातारा झाला' असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा फक्त बॅटरी म्हातारी झालेली असते. लिथियम बॅटरीचं आयुष्य चार्जच्या फेऱ्यांवर असतं, आज अर्धी भरली उद्या अर्धी भरली की एक फेरी. आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेल्सना ॲपल ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के ताकद सांगायचं, १५ पासून १००० सांगतात. रोज एकदा चार्ज करणाऱ्याच्या ५०० फेऱ्या दीड वर्षात होतात, म्हणून तो दोन वर्षांचा आकडा आपल्या डोक्यात बसलाय. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं होतं की बॅटरी उतरलेल्या जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करतात, त्यावरून मोठा गदारोळ झाला, मग २०१८ भर त्यांनी बॅटरी बदलायचे दर खूप खाली आणले. आणि जानेवारी २०१९ मध्ये ॲपलच्या तेव्हाच्या सीईओ टिम कुकने गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्री अंदाजापेक्षा कमी होणार म्हणून सांगितलं, त्यात जी कारणं दिली त्यातलं एक हे होतं की लोक स्वस्तात बॅटरी बदलून घेतायत. याहून मोठा पुरावा काय पाहिजे. बॅटरी स्वस्तात आणि सहज बदलून मिळाली तर लोक नवीन फोन घेत नाहीत, हे खुद्द कंपनीनेच लिहून दिलंय.

आईला द्यायच्या आधी माझ्या फोनची बॅटरी मी बदलून घेतली, सांगलीतल्या एका छोट्या दुकानात. काउंटर म्हणजे एक बाक, त्यावर निळी रबरी चटई, वर भिंग लावलेला दिवा. दादांनी फोन गरम प्लेटवर ठेवला, मागचा गोंद सुटेपर्यंत थांबले, मग सक्शन कप लावून काच जराशी उचलली आणि फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी कडेकडेने अशी फिरवली की काचेला एक चरा गेला नाही. आतली बॅटरी मधोमध फुगायला लागली होती, हाताला उंचवटा लागत होता. ते म्हणाले, "ताई, अजून चार महिने ठेवला असता ना तर हिनं डिस्प्ले ढकलला असता वर, मग पाच हजाराचं काम." नव्या बॅटरीवरची बनवल्याची तारीख त्यांनी मला वाचून दाखवली, कारण दोन वर्षं पडून राहिलेली 'नवीन' बॅटरीपण बाजारात मिळते आणि ती नवीन असून जुनीच असते. हे मला माहीत नव्हतं, आता मी प्रत्येकाला सांगते. बसवून, मागे नवीन चिकटपट्टी लावून, क्लिपा लावून अर्धा तास ठेवला, सगळे मिळून बाराशे रुपये. आईचा फोन आता सकाळी काढला की रात्रीपर्यंत टिकतो. फक्त एक आहे, उघडलेल्या फोनला कंपनीचं वॉटरप्रूफ पूर्वीसारखं राहत नाही, पावसात शेतात नेताना पिशवीत घाल म्हणून तिला सांगून ठेवलंय.

डिस्प्लेचं गणित मात्र वेगळं, तिथे मी हट्ट करत नाही. जुन्या फोनचा ओरिजिनल डिस्प्ले फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेला की मी सोडून देते, आणि स्वस्तातला कॉपी डिस्प्ले टाकला की उन्हात दिसत नाही, टच नाटकं करतो, म्हाताऱ्या माणसाला तर फारच त्रास होतो.

स्टोरेज फुल हा अजून एक प्रकार आहे ज्याच्यामुळे चांगले फोन कपाटात जातात. आप्पांचा फोन हँग होतो म्हणून भाऊ नवीन घ्यायला निघाला होता, बघितलं तर ६४ जीबीतले जवळजवळ सगळे गुड मॉर्निंग आणि कीर्तनाच्या व्हिडिओंनी खाल्लेले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मॅनेज स्टोरेज आहे, तिथून मोठे व्हिडिओ उडवले, ऑटो डाउनलोड बंद केलं, फोन पळायला लागला.

त्यामुळे माझा स्वतःचा हिशेब आता असा झालाय. नवीन फोन घेताना आधी विचारायचं हा कोणत्या महिन्यात लाँच झाला आणि सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, दुकानदाराला येत नसेल तर कंपनीच्या साइटवर तिथेच उभं राहून बघायचं. मी तीन-चार वर्षं वापरणार, पुढे आई निदान तीन वर्षं वापरणार, म्हणजे सहा-सात वर्षं पाहिजेत, तेवढी नसतील तर कॅमेरा कितीही भारी असू दे. यासाठी चार हजार जास्त गेले तरी मला चालतात, कारण तो एकाचा नाही, दोन माणसांचा फोन आहे. मधे एकदा बॅटरी बदलायची हे धरूनच चालायचं. फोन पुढे देताना आधी बॅटरी, मग फॅक्टरी रीसेट, मग अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझरला बंद आहे ना ते बघायचं, आणि मगच बँकेचं ॲप.

आणि ज्यांची अपडेट आधीच संपलीत ते फोन फेकायचे का? अजिबात नाही. भजनं, यूट्यूब, व्हिडिओ कॉल, नातवंडांचे फोटो, सगळं करू दे त्यांना. व्हॉट्सॲप तर अँड्रॉइड ५ वरसुद्धा अजून कालपरवापर्यंत चालत होतं. फक्त पैसे त्या फोनवर नकोत. आत्याच्या फोनवरून आम्ही यूपीआय काढलं, बँकेत नोंदवलेलं सिम एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं, ओटीपी आणि बँकेचे मेसेज तिकडे येतात, आणि जुना स्मार्टफोन घरच्या वायफायवर चालतो. तिला आधी दोन फोन सांभाळायचा कंटाळा आला होता, आता बटणाचा फोन कमरेच्या पिशवीत असतो आणि स्मार्टफोन टीव्हीशेजारी.

या रविवारी घरी जाल तेव्हा आई-बाबांचा फोन घ्या, ती अपडेटची तारीख बघा. दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर सॉफ्टवेअर अपडेटमध्ये जाऊन काही आलंय का तपासा, बऱ्याचदा आलेलं असतं आणि डेटा संपेल म्हणून कुणी दाबलेलंच नसतं. काहीच येत नसेल तर बँकेचं ॲप कोणाच्या फोनवर ठेवायचं ते त्याच दिवशी घरात बसून ठरवा. आयफोन असेल तर सेटिंग, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट. आणि तुमच्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख सापडली तर खाली मॉडेलच्या नावासकट लिहा, मी इथे एकत्र यादी करून ठेवते, दिवाळीच्या सेलआधी सगळ्यांना उपयोगी पडेल.