‘पर्यावरणपूरक’, १५ रुपये स्क्वेअर फूट

श्रावण लागला की आमच्या दुकानात ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द रोज दोन-चारदा छापला जातो. कोल्हापुरात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कॉम्प्युटरवरच्या पोरानं या शब्दाचं डिझाइन कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये तयारच ठेवलंय: हिरवा पट्टा, दोन पानं, एका पानावर दवाचा थेंब. फाइलचं नाव ‘इको फायनल ३’. गिऱ्हाईक आलं की फक्त दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर बदलायचा. आणि हे सगळं छापायचं कशावर? पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेल्या कापडावर. पंधरा रुपये स्क्वेअर फूट, रिंगा मारून. हसू नका, माझं पोट त्यावर आहे.

बारा-तेरा वर्षं लोकांच्या जाहिराती छापतोय. कुठला शब्द माणसाला दुकानात ओढतो आणि कुठला नुसता भिंतीवर लटकतो, हे आता थोडं कळायला लागलंय. त्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण मला एका कुंभार मावशींनी दिलं.

मावशी फक्त शाडूच्या मूर्ती करतात. पहिल्या वर्षी त्यांच्या मुलानं येऊन सहा बाय तीनचा बोर्ड नेला. वर ‘पर्यावरणपूरक गणेशमूर्ती’, खाली आमची ती दोन पानं. पुढच्या वर्षी मात्र मावशी स्वतः आल्या. म्हणाल्या, “तेवढा शब्द काढ बाबा.”

“का हो मावशी? सगळे तोच टाकतात.”

“म्हणून तर. लोक वाचत्यात आन् म्हणत्यात, मग शेजारच्यापेक्षा महाग का? कायतर सरकारी वाटतंय ते. पूजेला भटजी काय म्हणत्यात? पार्थिव गणपती. पार्थिव म्हंजे मातीचा. त्येच लिही मोठ्या अक्षरात.”

लिहिलं. ‘पार्थिव गणेश. शाडू मातीचा.’ पानं नाहीत, थेंब नाही, पिवळ्यावर लाल अक्षरं. मी मुद्दाम एका संध्याकाळी मांडवात जाऊन बसलो. एक सासूबाई बोर्ड वाचून सुनेला सांगत होत्या, “बघ, मूळ हाच. आमच्या माहेरी मातीचाच असायचा.” भाव झालाच, भाव केल्याशिवाय कोल्हापुरात काही विकत नाही. पण ‘महाग का’ हा प्रश्न मात्र ऐकू आला नाही. मूर्ती तीच, माती तीच, किंमतही तीच. फक्त नदी वाचवायची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरवली आणि घरची रीत हातात दिली.

असंच छपरावर सोलर पॅनल बसवून देणाऱ्या एका सोलरवाल्याचं झालं. पहिल्या फ्लेक्सवर त्याला पृथ्वीचा गोळा पाहिजे होता, दोन तळहातांत धरलेला. महिन्याभरात परत आला: “गोळा काढ, लाइट बिल टाक.” मग खरं बिल स्कॅन करून त्यावर लाल फुली मारली आणि खाली केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेचं अनुदान, ७८,००० रुपयांपर्यंत. त्याला आता फोन उचलायला वेळ नसतो.

आपली माणसं पर्यावरणाच्या विरोधात आहेत असं नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळत घालणारी, जुन्या लुगड्याची वाकळ शिवणारी घरं आहेत ही. पण ते ‘पर्यावरण’ म्हणून कुणी केलं नाही. ‘वाया घालवू नये’ म्हणून केलं. पर्यावरण हा अजून शाळेच्या भिंतीवरचा शब्द आहे.

आता माझ्याच पदरातलं पाप. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या स्टॉलसाठी ‘१०० टक्के इको फ्रेंडली मूर्ती’ असे चार बोर्ड छापले. लावायला मीच गेलो. शिडीवरून उतरताना तोल गेला आणि आधाराला एक दोन फुटी मूर्ती धरली, तर ती एका हातात उचलली गेली. शाडूची तेवढी मूर्ती उचलायला दोन्ही हात लागतात आणि वर कंबर आठवते. बोटानं टकटक केलं. प्लास्टर. मालकाकडं बघितलं. तो म्हणाला, “रंग वॉटर कलर हाय न्हवं, मग झालं की इको फ्रेंडली.” मी पैसे घेतले आणि आलो.

नंतर समजलं की अशा शब्दांसाठी नियम आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली: ग्रीन, इको फ्रेंडली असे मोघम शब्द जाहिरातीत वापरायचे तर त्याचा पुरावा पाहिजे, नेमकं काय ते सांगायला पाहिजे. माझ्या शटरपर्यंत तरी तो पुरावा घेऊन अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

प्लास्टरचं तर दरवर्षी नवीन. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० च्या मे महिन्यात नको म्हटलं. २०२५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयानं मूर्ती करायला-विकायला मुभा दिली, आणि जुलैत सांगितलं की सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायच्या. प्रत्येक निकालानंतर माझ्याकडं नवीन बोर्ड. धंदा चांगला झाला, खोटं कशाला सांगू.

पण रीत नेहमी मातीच्याच बाजूनं असते असंही नाही. गेल्या वर्षी घरी मी शाडूची मूर्ती आणली आणि स्कूटरवर येताना स्पीडब्रेकरला उजव्या हाताचं बोट गेलं. आईनं उंबऱ्याच्या आत घेतली नाही. “भंगलेली मूर्ती पूजायची? परत दे.” शेजारी म्हणाले, म्हणूनच आम्ही प्लास्टरची घेतो, धक्का सोसते. यावर कुठलं हिरवं पान छापणार? मावशींकडं परत गेलो. त्यांनी ओल्या मातीची गोळी वळून बोट लावलं, रंगवलं, वर म्हणाल्या, “आजून पूजा झाली न्हाई, देव यायचाय. काय हुत न्हाई.” आईला तेच शब्द सांगितले. पटले.

विसर्जनाला आईला पंचगंगाच हवी होती, वाहतं पाणी. घाटावर कॉर्पोरेशननं गुळाच्या काहिली भरून ठेवलेल्या. त्या काहिलीत देव सोडायला ती तयार होईना. “गूळ शिजवायच्या भांड्यात?” शेवटी गौरीबरोबर गणपती घरीच, मोठ्या पातेल्यात. नदीचं तांब्याभर पाणी आणून त्यात मिसळलं, तेव्हा तिचं समाधान झालं. सकाळी खाली गाळ आणि वर गढूळ पाणी. आई बराच वेळ बघत बसली. मग जास्वंदीच्या बुडाशी ओतायला निघाली आणि थांबली, तिथून पोरं चपला घालून जातात. ती माती अजून झाकण लावून बाल्कनीत आहे. यंदा मावशींना परत देणार म्हणते.

काल मावशींचा मुलगा येऊन गेला. बोर्ड यंदा खऱ्या कापडावर करूया का, मीच विचारलं. दर सांगितला, तिप्पट. तो हसला.

“फ्लेक्सच मारा. पावसात टिकतंय. आन् गणपती झाल्यावर गोठ्यावर घालायला हुतंय.”