मॅक्लोडगंजमधली सकाळ

आज सकाळी धरमशालाच्या वरच्या भागातल्या मॅक्लोडगंजला दलाई लामांच्या मंदिराभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर चालले. देवदारांमधून ताणलेल्या रंगीत पताका, कडेला मंत्र कोरलेले दगड. पुढे एक आजी, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा ॲप्रन, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक प्रार्थनाचक्र फिरवत निघालेल्या. एकही चक्र सुटू देत नव्हत्या. एक जरा अडलं, तर थांबून दोन्ही हातांनी फिरवलं, मगच पुढे.

१९५९ मध्ये दलाई लामांना तिबेटची राजधानी ल्हासा सोडावी लागली. १९६० पासून धरमशाला हेच त्यांचं घर, आणि त्याच वर्षी इथे निर्वासित मुलांसाठी सुरू झालेल्या पाळणाघरातून पुढे तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज उभं राहिलं. मोमो, थुकपा (नूडल्सचं सूप), टिंगमो (वाफवलेला पाव) सगळं खाल्लं, छानच होतं. पण मन गुंतलं ते बाजारातल्या तरुण तिबेटी मुलांमध्ये. यातल्या कित्येकांनी तिबेट कधी पाहिलेलाच नाही, तरी भाषा, सण, प्रार्थना सगळं किती जिवापाड जपलंय! मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. इथे येणाऱ्यांनी मोमो खाऊन लगेच त्रिउंडच्या ट्रेककडे पळू नये, एक सकाळ या वाटेसाठी ठेवाच.

उद्या खाली गंगचेन कीशोंगला तिबेटी ग्रंथालय बघायला जाणार आहे.