आमची वाटचाल: लेथपासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान. इंजिन बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, ट्रॅक्टरचे शाफ्ट. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी कधी उघडला नाही. मला तो उघडावा लागला, कारण आमच्याकडं डीएसजी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोलो, ऑक्टाव्हिया वाढल्या आणि काम निघालं की गाडी टोचन करून पुण्याला न्यावी लागायची. सुरुवातीला फक्त ऑइल आणि क्लचची कामं घेतली. मग रिमॅपचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवायचं, वारं आलं आणि धंद्याला वेगळंच वळण लागलं.

रिमॅप केलेला गाडीवाला आल्या आल्या हॉर्सपॉवर सांगतो. आम्ही टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ओढ, विचारतो. क्लच घसरतो तो टॉर्कमुळं, आणि टर्बो इंजिनात तो खालच्या आरपीएमलाच अंगावर येतो. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. २०१६ ची सुपर्ब १.८ घ्या. मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, ताकद १८० पीएसच. पण टॉर्क मॅन्युअलला ३२० न्यूटन मीटर आणि डीएसजीला २५०. कारण त्यातला डीक्यू२०० हा ड्राय (कोरड्या) क्लचचा बॉक्स २५० पुरताच बनवलेला. कंपनीनं मुद्दाम घातलेला लगाम रिमॅपवाला तासाभरात काढतो, आणि पुढं गाडी आमच्या दारात!

ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीक्यू२५० साधारण ३५० न्यूटन मीटर झेलतो, डीक्यू३८१ हा ४२० आणि डीक्यू५०० हा ६००. म्हणून लोक म्हणतात, ‘दादा, थेट पाचशेच बसवा की.’ पण नुसता बॉक्स आणून भागत नाही. माउंट, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, कोडिंग सगळंच आलं. एवढ्या पैशात मुळातच दणकट बॉक्सची गाडी घ्या, असं मी तोंडावर सांगतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यूवाल्यांचं नशीब त्या मानानं बरं. झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स कंपनीच्या ८एचपी मालिकेत आकडाच बोलतो: ८एचपी४५ ला ४५०, ८एचपी७० ला ७००, ८एचपी९० ला ९००. आत चार प्लॅनेटरी सेट (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरचे संच) आणि पाच क्लच-ब्रेक. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले तीन पकडलेले असतात. शिवाय टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून ताकद पुढं देणारा भाग) गाडी सुटतानाचा झटका स्वतः गिळतो. आकड्याच्या थोडं वर जायचं असेल तर क्लचच्या प्लेटची संख्या वाढवायची, ऑइलचं प्रेशर जरा चढवायचं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क आवरायचा. हे शेवटचं कुणालाच आवडत नाही, पण बॉक्स टिकतो तो त्यानंच.

खरी परीक्षा आंबा घाटात. भरलेली गाडी, पुढं उसाचा ट्रक, आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान लॉगरवर (चालत्या गाडीचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्रावर) चढत जातं. हे ऑइल जन्मभर बदलावं लागत नाही, ही समजूत अजून जात नाही. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणतं. रिमॅप केलेल्या गाडीला आम्ही निम्म्यातच बदलतो.

गिअरबॉक्सचा लॉग पाहिल्याशिवाय इंजिनच्या फाइलला हात लावत नाही, हा आता दुकानाचा नियम. काहीजण चिडून दुसरीकडं जातात. जाऊ देत. सध्या व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑइलचं प्रेशर वाटणारा भाग) तपासायचा टेस्ट बेंच उद्यमनगरातच बनवून घेतोय. फ्रेम आणि पंप तयार आहे, कंट्रोलर तेवढा रखडलाय.