पुढील स्टेशन

आई मला लहानपणापासून वेंधळी म्हणत आली. 'दूध बघ गं' म्हणून ती अंघोळीला जायची आणि मी दुधासमोर उभी राहूनच ते उतू घालवायची. समोर उभी असायची, हे महत्त्वाचं. प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा, 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' या लक्ष नसण्याला एडीएचडी म्हणतात, हे कळायला माझी अडतिशी उजाडली. बारा वर्षांच्या आधीपासून लक्षणं होती का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. मी ती प्रगतिपुस्तकं नेऊन दिली. (ती नेमकी सापडली, कारण आईने जपली होती.)

गोळी सुरू झाली, आणि सोबत माइंडफुलनेस. मला हसूच आलं. जिचं चित्त थाऱ्यावर नाही तिलाच श्वासावर लक्ष ठेवायला सांगायचं! पण २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या २४ प्रौढांना आणि ८ किशोरवयीन मुलांना आठ आठवडे हेच करायला लावलं होतं. सुरुवात पाच मिनिटांपासून. बहुतेकांनी ते पूर्ण केलं आणि लक्षणं कमी झाल्याचं सांगितलं. अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून मी गोळी सोडलेली नाही. पण पाच मिनिटं हा आकडा मला परवडणारा वाटला.

घरी ती पाच मिनिटंही जमेनात. डोळे मिटले की गिझर चालू राहिल्याचं आठवतं, गिझर बंद करायला उठावं तर वाटेत वाळलेले कपडे दिसतात, घड्या घालताना कुकरची शिट्टी होते. ती दुसरी की तिसरी, देव जाणे.

जमलं ते लोकलमध्ये. ठाण्याहून सुटणारी स्लो गाडी, खिडकी नाही तर निदान चौथी सीट. डोळे मिटायचे, नाकपुड्यांशी श्वास धरायचा. मन मुलुंड यायच्या आतच पळतं. नाहूरला ते बॉसशी भांडत असतं, भांडुपला भांडणात जिंकलेलं असतं. तेवढ्यात गाडीतल्या घोषणेतली ती बाई सांगते, 'पुढील स्टेशन, कांजुरमार्ग.' लगेच हिंदीत, मग इंग्रजीत. तीनदा हाक मारल्यावर माझ्यासारखीही परत येते. परत आलं की पुन्हा श्वास. ठाण्यापासून दादरपर्यंत अकरा स्टेशनं, म्हणजे अकरा वेळा परत यायची सोय. घंटा वाजवणारं ॲप घेतलं होतं मी, पण ते बंद करायला फोन उघडला की अर्धा तास गेलाच.

मन भटकलं म्हणजे व्यायाम फसला, असं मी समजत होते. प्रत्यक्षात भटकल्याचं ध्यानात येणं हाच व्यायाम. त्या हिशेबाने माझ्याइतका सराव कुणाचा होत असेल? शांत मनाच्या माणसाला परत येण्याची संधीच किती कमी!

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग तू घरी दुधाशी उभी राहून का नाही करत?"

परवा मात्र कमाल झाली. घाटकोपरनंतर श्वास असा लागला की विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, प्रत्येक हाकेला मी जागेवरच. 'पुढील स्टेशन, दादर.' हेही शहाण्यासारखं ऐकलं आणि श्वासाकडे वळले. डोळे उघडले तेव्हा परळ आलं होतं.

"झोप लागली का हो ताई?" शेजारणीने विचारलं.

हो म्हटलं. ते सांगायला सोपं होतं.