कार्डावर 'श्री' काढून बसलो

ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचा रविवारी बाप्तिस्मा. माझं अक्षर बरं, म्हणून कार्ड लिहायचं काम माझ्या गळ्यात. नव्या पेठेत तीन दुकानं पालथी घातली. पाळण्याची, बारशाची कार्डं हवी तेवढी, बाप्तिस्म्याचं एकही नाही. शेवटी पांढऱ्या फुलांचं कोरं कार्ड घेतलं. घरी पेन टेकवलं आणि हातानं सवयीनं वर मधोमध 'श्री' काढला. झालं! चाळीस रुपये गेले.

दुसरं आणलं. या वेळी आधी कच्चं लिहिलं, 'नामकरणाबद्दल अभिनंदन', आणि मित्राला फोनवर वाचून दाखवलं.

"काय बे, नाव कवाच ठेवलंय की तिचं! जन्मदाखल्यावर आहे."

मग त्याच्या आईनंच फोन घेतला. काकू निवृत्त शिक्षिका, त्यामुळे तासच झाला. बारशात आत्या कानात नाव सांगते, इथं चर्चचे पाळक (धर्मगुरू) पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं डोक्यावर पाणी घालतात आणि लेकरू मंडळीत, म्हणजे चर्चच्या परिवारात येतं. "म्हणून नावाचं नको, बाप्तिस्म्याचं लिहा. आणि तिलाच लिहा, आईबापाला नाही. मोठी झाली की काढून वाचेल. तारीख वर्षासकट घाला." काही मंडळ्यांत लहानपणी नुसतं देवाला अर्पण करतात, बाप्तिस्मा मोठेपणी, त्यामुळे पत्रिकेवर काय छापलंय ते आधी बघायचं, हेही सांगितलं.

"बायबलमधलं वचन लिहू का? म्हणजे मी हिंदू..."

"लिहा की. गणना 6:24 बघा. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. फक्त 'तुला विश्वासात वाढवू' असलं काही लिहू नका. ते बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराची जबाबदारी घेणाऱ्या धर्ममाता-धर्मपित्यानं कबूल करायचं असतं."

हे मला सुचलंच नसतं. मी तर 'आम्ही सगळे तुझ्या पाठीशी' असं भरगच्च काहीतरी ठोकणार होतो. शेवटी चारच ओळी लिहिल्या: तिचं नाव, बाप्तिस्म्याच्या शुभेच्छा, ते वचन, तारीख. खाली आठ जणांच्या सह्या. सोबत चाटी गल्लीतून आणलेला छोटा पांढरा टर्किश टॉवेल. पाणी घातल्यावर पोरगी जाम रडली, आणि काकूंनी तिचं डोकं त्याच टॉवेलनं पुसलं.

'श्री'वालं कार्ड पुढच्या महिन्यात भाच्याच्या बारशाला खपलं.